फेसलिफ्टनंतर ओठाची एक बाजू हलत नाही : किती थांबायचं, आणि कशाची वाट बघायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौपन्न वर्षांच्या या ताई सांगलीला राहतात. सहा आठवड्यांपूर्वी मुंबईत त्यांचं फेसलिफ्ट झालं आणि सोबत मानेची त्वचाही ताणून घेतली. सूज बरीचशी उतरली आहे, टाके छान भरले आहेत. पण हसलं की तोंड वाकडं दिसतं आणि उजव्या कानाची पाळी बधिर आहे. सर्जन फोनवर म्हणाले, ‘नस दुखावली आहे, येईल, थांबा.’ घरच्यांच्या मते वारं गेलं, तेल चोळायला हवं. ताई विचारतात : नस परत येते का, किती थांबू, आणि तोवर करंटची ट्रीटमेंट घेऊ का?

ताई, मी प्लास्टिक सर्जन आहे. चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया मी स्वतः करते आणि दुसरीकडे शस्त्रक्रिया करून हाच प्रश्न घेऊन आलेल्यांनाही तपासते. तुम्हाला समोर बसवून बघितल्याशिवाय नक्की निदान करता येणार नाही. तरी तुमच्या वर्णनातून बरंच काही कळतं. तुमच्या सर्जनचं ‘थांबा’ बहुधा बरोबर आहे, पण ते अर्धवट आहे. कोणती नस, कोणत्या तारखेपर्यंत थांबायचं, आणि मधे काय दिसलं तर थांबणं सोडायचं, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय ‘थांबा’ म्हणणं म्हणजे पेशंटला रोज आरशासमोर घाबरत बसायला सांगणं.

तुमच्या तक्रारी दोन आहेत, आणि त्या दोन वेगळ्या नसांच्या आहेत. कानाची पाळी बधिर होणं हे स्पर्श कळवणाऱ्या नसेचं काम. ओठ न हलणं हे स्नायू हलवणाऱ्या नसेचं. एक सुधारली म्हणून दुसरी सुधारेलच असं नाही, आणि एक रेंगाळली म्हणून दुसरीची आशा सोडायचंही कारण नाही. पेशंट दोन्हींचा एकच हिशेब मांडतात आणि उगाच खचतात.

कानाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. कानाच्या पाळीला आणि जबड्याच्या कोपऱ्याला स्पर्श कळवणारी नस मानेच्या बाजूच्या जाड स्नायूवरून वर चढते. कानाच्या छिद्राखाली साधारण साडेसहा सेंटिमीटरवर ती त्या स्नायूच्या मध्यावर असते आणि तिथे तिच्यावर त्वचेचं पांघरूण फार पातळ असतं. फेसलिफ्टमध्ये सगळ्यात जास्त वेळा दुखावणारी नस कोणती, तर हीच. कानासमोरच्या गालाचा बधिरपणा मात्र वेगळा. त्वचा उचलताना तिच्यातले बारीक तंतू तुटतातच, त्यामुळे तो जवळपास प्रत्येकाला असतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कडेकडून आत आत कमी होत जातो.

पाळीचा बधिरपणा जाताना आधी मुंग्या येतात, खाज सुटते, अधूनमधून विजेसारखी कळ जाते, उशीवर कान टेकला तर नकोसं वाटतं. याला पेशंट घाबरतात. मला मात्र ते ऐकून बरं वाटतं, कारण तंतू वाढताना असंच होतं. यात वर्षभरही जाऊ शकतं आणि काहींना छोटासा बधिर भाग कायम राहतो. काळजी करायची ती एका गोष्टीची : पाळीच्या खाली एका ठरावीक जागी बोट दाबलं की कानात सणक जाते, तिथे गाठ लागते आणि महिने गेले तरी ती दुखतच राहते. असं असेल तर दाखवा, त्यावर इलाज आहे. आणि बधिर कानाजवळ गरम पाण्याची पिशवी, शेक, हेअर ड्रायर नको. भाजलेलं कळत नाही. ड्रायरने कानाला फोड आलेला मी पाहिला आहे, तोही घरातल्या दुसऱ्या कोणीतरी बघितल्यावर कळला. कानातलं घालताना आरशात बघून घाला, फिरकी टोचते तेही समजत नसतं.

आता ओठ. पहिला प्रश्न : तुमची बिघडलेली बाजू नक्की कोणती? विचित्र वाटेल, पण अशा पेशंटपैकी बरेच जण चांगल्या बाजूकडे बोट दाखवतात. दात दाखवत हसताना खालचा ओठ खाली खेचला जातो. ज्या बाजूचा स्नायू चालतो, तिथे ओठ खाली जाऊन खालचे दात दिसतात. जो चालत नाही, तिथे ओठ वरच राहतो आणि दात झाकतो. बघणाऱ्याला खाली ओढलेली बाजू ‘वाकडी’ वाटते, पण ती धडधाकट असते. जेवताना एकाच बाजूला खालचा ओठ दाताखाली सापडत असेल तर बहुधा तीच अधू बाजू. ‘उजवा कान बधिर म्हणजे ओठही उजवाच बिघडलेला’ असं आधी धरून चालू नका, आरशात ताडून बघा.

आरशासमोर बसून सावकाश पाच गोष्टी करा. भुवया वर करा. डोळे हलके मिटा, घट्ट नाही. गाल फुगवून हवा धरा. ‘ई’ म्हणत खालचे दात दाखवा. आणि शेवटी रुसलेलं मूल ओठ काढतं तसा खालचा ओठ बाहेर उलटवा. पहिल्या तीन गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्या झाल्या तर कपाळ, डोळा आणि गाल यांच्या शाखा शाबूत आहेत, म्हणजे प्रश्न एका छोट्या भागापुरता आहे.

शेवटच्या दोन हालचाली एकत्र वाचायच्या. ‘ई’ म्हणताना एका बाजूचे दात दिसत नाहीत, पण ओठ दोन्हीकडे सारखा उलटतो, असं असेल तर ती बातमी चांगली. ओठ उलटवणारा हनुवटीचा स्नायू जबड्याच्या कडेने जाणाऱ्या शाखेवर चालतो. तो चालतोय म्हणजे ती शाखा जिवंत आहे. अशा वेळी दुखावलेली असते मानेकडे जाणारी शाखा, किंवा मानेतला तो पातळ पसरट स्नायूच, जो ओठाचा कोपरा खाली ओढायला थोडा हातभार लावतो. मानेची त्वचा ताणताना याच स्नायूला टाके घातले जातात. हा प्रकार जवळपास नेहमी आपोआप सुधारतो, बऱ्याचदा काही आठवड्यांतच, कधी तीन-चार महिन्यांत. पण ओठ त्या बाजूला उलटतही नसेल, तर जबड्याच्या कडेची शाखा दुखावली आहे असं धरून पुढचा हिशेब मांडायचा.

ही शाखा का नाजूक, तेही सांगते. चेहरा हलवणारी नस कानापुढच्या लाळग्रंथीतून बाहेर पडताना पाच मुख्य शाखांत फुटते. गालाकडच्या शाखांचं आपापसात जाळं असतं, एक तंतू गेला तरी शेजारचा काम उचलतो. म्हणून गालाची शाखा दुखावली तरी पुष्कळदा पेशंटला कळतही नाही. कपाळाकडे जाणारी आणि जबड्याच्या कडेने जाणारी या दोन शाखांना असे शेजारी फार कमी. त्यातही जबड्याच्या कडेची शाखा काहींमध्ये हाडाच्या कडेखाली सेंटिमीटरभर उतरलेली असते, आणि चेहऱ्याच्या धमनीला ओलांडते तिथे तिच्यावर आवरण पातळ असतं. कपाळाच्या शाखेचा मार्ग ब्राझीलचे सर्जन इव्हो पितांगी यांनी आखून दिलेल्या रेषेवरून आम्ही आजही शस्त्रक्रियेआधी त्वचेवर काढतो. पण रेषा काढली म्हणून नस त्या रेषेवर बांधली जात नाही. माणसागणिक थोडा फरक असतोच. त्यामुळे अनुभवी आणि काळजी घेणाऱ्या सर्जनच्या हातूनही हे घडू शकतं. ‘नस दुखावली म्हणजे डॉक्टरचा निष्काळजीपणाच’ असं लगेच म्हणता येत नाही, आणि ‘कधीच नसतो’ असंही नाही.

नस दुखावते म्हणजे होतं काय? ब्रिटिश सर्जन हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये नसांच्या इजेचे तीन प्रकार मांडले, आम्ही अजून त्याच चौकटीत विचार करतो. पहिल्यात तंतू अखंड असतात, फक्त संदेश अडलेला असतो. ताण, सूज, रक्त थांबवायला डागतात त्याची उष्णता, जवळ पडलेला टाका अशी कारणं असतात. हे काही दिवसांपासून ते साधारण तीन महिन्यांपर्यंत पूर्ण बरं होतं. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात पण बाहेरचं आवरण टिकतं. मग तंतू इजेच्या जागेपासून पुन्हा वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. जबड्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंतचं पाच-सात सेंटिमीटरचं अंतर कापायला साधारण दोन महिने, सुरुवातीची तयारी आणि शेवटी स्नायूशी जोडणी धरली तर तीन-चार किंवा त्याहून जास्त. तिसऱ्या प्रकारात नस पूर्ण कापलेली असते, ती आपली आपण नीट जुळून येईल याचा भरवसा नसतो. फेसलिफ्टनंतर हालचालीची कायमची अडचण शंभरात एकापेक्षाही कमी जणांना राहते असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तात्पुरती अडचण त्याहून बरीच जास्त जणांना येते.

यावरून तुमचं कॅलेंडर बनतं. पहिल्या दिवसाचा अधूपणा बऱ्याचदा भुलीच्या इंजेक्शनचाच असतो, काही तासांत उतरतो. पहिले तीन दिवस महत्त्वाचे असतात ते फक्त सर्जनला नस कापल्याची शंका असेल तर, कारण कापलेल्या नसेचं पुढचं टोक साधारण ७२ तास विजेच्या स्पर्शाला प्रतिसाद देतं आणि शोधायला सोपं जातं. तो काळ तुमच्यासाठी गेला, आणि तशी शंका होती असं तुमच्या लिहिण्यात कुठे नाही. तुम्ही आहात सहाव्या आठवड्यात. पहिल्या प्रकारचे पेशंट या सुमारास सुधारायला लागलेले असतात किंवा लागणार असतात, आणि दुसऱ्या प्रकारात अजून काहीच दिसायला नको. म्हणजे आज ओठ हलत नाही, यावरून वाईट निष्कर्ष काढायला काहीही आधार नाही.

तीन महिने पूर्ण झाल्यावर मात्र नुसतं फोनवर ‘येईल’ चालणार नाही. तोवर जराही फडफड दिसली नाही तर प्रत्यक्ष तपासणी आणि ईएमजी करून घ्या. त्यात बारीक सुई स्नायूत घालून बघतात की नस पोचते आहे का. मिरजेत चेतातज्ज्ञ (न्यूरोलॉजिस्ट) आहेत, त्यासाठी मुंबई गाठायला नको. फक्त ओठाचा हा स्नायू इवलासा असतो आणि तपासणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं, म्हणून चेहऱ्याचं ईएमजी नेहमी करतात का, हे आधी विचारा. नस अजिबात पोचत नाही असं दिसलं तर सहा महिन्यांच्या आत नसेचं काम करणाऱ्या सर्जनचं मत हवं. स्नायू वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिला तर तो सुकतो, मग नस जोडूनही उपयोग होत नाही. म्हणून ‘वर्षभर बघू’ हा सल्ला मला पटत नाही.

तोवर करायचं काय? आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, खिडकीसमोर त्याच जागी बसून त्या पाच हालचालींचा व्हिडिओ घ्या. मोबाइल टेकवून ठेवा, उंची बदलू नका. सेल्फी कॅमेरा पुष्कळदा डावं-उजवं उलटं दाखवतो, म्हणून सुरुवातीला उजवा हात वर करून ‘हा उजवा’ असं बोला. रोज बघून सुधारणा कळत नाही. महिन्याचे चार व्हिडिओ शेजारी ठेवले की कळते. शस्त्रक्रियेआधीचे फोटोही सर्जनकडून मागवा. थोडं तिरकं हसू अनेकांचं जन्मापासूनच असतं, शस्त्रक्रियेनंतर आपण आरशात इतकं निरखतो की जुनं तिरकेपणही नवीन वाटतं.

व्यायाम हळू आणि थोडे. आरशासमोर चांगल्या बाजूला बोटाने हलकं धरून अधू बाजू अगदी थोडी हलवायचा प्रयत्न, दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. जोर लावून तोंड वेडंवाकडं करायचं नाही. जोर लावला की चांगली बाजूच जास्त ओढते आणि असमानता वाढते. ‘फुगे फुगवा, च्युइंगम चावा’ हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देणारच. चावण्याचे स्नायू वेगळ्याच नसेवर चालतात, च्युइंगमने जबडा दुखेल, ओठाच्या नसेला काही मिळणार नाही.

करंटबद्दल : मी सुरुवातीच्या महिन्यांत पाठवत नाही. नस लवकर येते याचा भक्कम पुरावा नाही, आणि चेहऱ्याचे सगळे स्नायू एकदम आकुंचन पावावेत हे मला नकोच असतं. चेहऱ्याचं काम शिकलेले फिजिओथेरपिस्ट मिळाले तर मात्र जरूर जा, मशीनसाठी नाही, हालचाल शिकण्यासाठी. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, जखमा भरल्या असतील तर. जोराने रगडणं नको. आणि हे वारं नाही, हेही घरच्यांना सांगा. मेंदूच्या झटक्यात बहुतेक वेळा तोंडासोबत हातापायाची ताकद जाते, बोलणं अडखळतं. तसं कधी काही झालं तर एक मिनिटही न दवडता हॉस्पिटल गाठायचं. शस्त्रक्रियेपासून एका ओठापुरतंच असलेलं हे दुखणं वेगळं आहे.

मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाच्या, गोळ्या तुम्हाला दिल्या असतीलच, आपल्याकडे नस म्हटलं की त्या येतातच. तुमचं बी-१२ कमी असेल तर त्यांचा उपयोग आहे, नसेल तर विशेष नाही. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर रक्त तपासून घ्या, कमी निघण्याची शक्यता बरीच. साखर आटोक्यात ठेवा. स्टेरॉइडचा जो पुरावा आहे तो अचानक तोंड वाकडं होण्याच्या वेगळ्या आजारातला आहे, आणि तोही पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेल्या औषधाचा. सहाव्या आठवड्यात तुमच्या मनाने घेऊ नका. आणि एक प्रश्न मी प्रत्येक बाईला विचारते : मिश्री लावता का? ‘तंबाखू? छे!’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी सकाळी मिश्री लावतात आणि ती तंबाखूत धरत नाहीत. निकोटीनमुळे रक्तपुरवठा कमी होतो, जखमही हळू भरते आणि नसही. लावत असाल तर आज बंद करा.

डोळ्याचं तुमच्या प्रश्नात नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला डोळा पूर्ण मिटत नसेल तर त्यांनी थांबू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं, दिवसा थेंब, रात्री मलम, झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद. ओठ तीन महिने वाट बघू शकतो, डोळ्याचं बुबुळ नाही. तसंच शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत एकच गाल अचानक टणक होऊन दुखायला लागला तर आत रक्त साचलेलं असू शकतं, तेव्हा रात्र उलटू द्यायची नाही.

हसण्याचं आत्ताच काही करता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. चांगल्या बाजूच्या ओठ खाली ओढणाऱ्या स्नायूत बोटॉक्सची अगदी छोटी मात्रा देता येते. दोन्ही बाजू सारख्या कमी हलतात आणि हसू सरळ दिसतं. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण आणि तीन-चार महिने टिकतो. दुखावलेली नस आपलं काम करतच राहते, तिला धक्का लागत नाही. मला हा उपाय आवडतो, कारण नेमक्या वाट बघायच्या काळापुरता तो पुरतो. मात्र जो डॉक्टर आधी अधू बाजू कोणती ते नीट शोधेल त्याच्याकडूनच घ्या. चुकून अधू बाजूला सुई गेली तर महिनाभरात सावरत आलेलं हसू पुन्हा गेलंच समजा. नस परतलीच नाही तरी पुढे चांगल्या बाजूचा स्नायू कायमचा कमी करणं, नस जोडणं असे पर्याय उरतात, पण तो विषय आज नको.

‘हौसेनं करून घेतलंस, आता भोग’ असं तुम्हाला कुणी म्हटलं असेल, तर त्यांचं ऐकू नका. गुडघा बदलून आलेल्या माणसाला असं कोणी म्हणत नाही. शस्त्रक्रिया कशासाठी केली यावर नसेचं बरं होणं अवलंबून नाही.

आता लगेच करायचं ते एवढंच : शस्त्रक्रियेची तारीख अधिक तीन महिने, त्या आठवड्यातली भेट सर्जनकडे आजच ठरवून टाका, आणि ऑपरेशन नोट व सगळे कागद लेखी अर्ज करून मागून घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. त्यात मानेच्या स्नायूला टाके घातले का, हनुवटीखालची चरबी नळीने काढली का, हे बघा. ते आणि तुमचे व्हिडिओ घेऊन कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी दुसरं मत देणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असेल. तोवर त्या ‘ई’ आणि ओठ उलटवण्याच्या चाचणीत काय दिसलं ते इथे लिहा, कोणत्या बाजूला दात दिसले तेही. मग तीन महिन्यांची वाट आहे की त्याहून कमी, ते जरा जास्त नेमकं सांगता येईल.